राखण कोणाची, रान कोणाचे?

गेल्या काही वर्षांत आपल्याकडील सुशिक्षित, शहरी आणि बहुतांशी सवर्ण मंडळींत शेतीविषयी एक नवी आस्था निर्माण झाली आहे. कुटुंबाची छोटी शेती टिकली पाहिजे, जवळच्या शिवारात पिकलेले खावे, रासायनिक खतांनी जमीन मारू नये, आपल्या हाती आली त्याहून बरी करून ती पुढच्या पिढीला द्यावी, असे या आस्थेचे साधारण स्वरूप आहे. यावर व्याख्याने होतात, शिबिरे भरतात, महाविद्यालयातील मुलांना तेथे नेले जाते. माझ्या वर्गातील बरीच मुले ऊसतोडणी कामगारांची, सालगड्यांची, गायरानाचा तुकडा कसणाऱ्यांची आहेत. अशा एका व्याख्यानाहून परतल्यावर त्यांतल्या एकाने मला विचारले, "सर, जमीन जतन करा म्हणतात. कोणाची?"

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो समीक्षेचा प्रश्न आहे. आणि तो एखाद्या सामान्य व्याख्यात्याला विचारण्यापेक्षा, हा विचार ज्याने अतिशय गंभीरपणे आणि समर्थ भाषेत मांडला त्यालाच विचारावा, म्हणून मी येथे अमेरिकन लेखक वेंडेल बेरी यांच्या 'द अनसेटलिंग ऑफ अमेरिका' या १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा विचार करणार आहे. बेरी हे कवी, कादंबरीकार आणि केंटकी राज्यात स्वतः शेती करणारे लेखक आहेत. कौटुंबिक शेती, स्थानिक अन्न आणि भूमीची राखण यांसाठी अमेरिकेत गावोगाव जी चळवळ उभी राहिली तिचा हा जवळजवळ आधारग्रंथच मानला जातो.

प्रथम एका शब्दाविषयी. 'स्टुअर्डशिप' हा या चळवळीचा लाडका शब्द. स्टुअर्ड म्हणजे मुळात दुसऱ्याच्या घरादाराची, मालमत्तेची व्यवस्था पाहणारा कारभारी. मराठीत त्याला कोणी 'विश्वस्त' म्हणतात, कोणी 'जतन' म्हणतात. मला 'राखण' हा शब्द अधिक खरा वाटतो, कारण तो आमचा आहे. उभ्या पिकाची राखण, खळ्याची राखण, वेशीची राखण ही महाराची कामे होती. दोन गावांच्या शिवेचा तंटा पडला तर महाराला बोलावीत. कोणता दगड कोठे रोवलेला आहे हे त्याला ठाऊक असे आणि त्याची साक्ष मानली जाई. म्हणजे साऱ्या शिवाराचे ज्ञान ज्याच्यापाशी, त्याच्यापाशी वतनाच्या तुकड्यापलीकडे शिवार नाही. राखणदार आणि धनी ही दोन माणसे आपल्या इतिहासात कधी एक झालीच नाहीत. बेरींच्या ग्रंथात मात्र ती एकच आहेत असे गृहीत धरलेले आहे. माझा मतभेद येथून सुरू होतो.

परंतु मतभेदाआधी ग्रंथाचे मोल मान्य केले पाहिजे. १९७१ ते १९७६ या काळात अर्ल बट्झ हे अमेरिकेचे कृषिमंत्री होते. शेती हा एक उद्योग आहे, ज्याला मोठे होता येत नाही त्याने बाजूला व्हावे, बांधापासून बांधापर्यंत पेरावे, असे त्यांचे धोरण. बेरींनी या धोरणावर हल्ला चढविला. त्यांनी माणसांच्या दोन वृत्ती मांडल्या. एक ओरबाडणाऱ्याची, दुसरी जोपासणाऱ्याची. ओरबाडणारा विचारतो, या जमिनीतून किती निघेल? जोपासणारा विचारतो, या जमिनीला किती सोसेल? शेतीचा प्रश्न हा संस्कृतीचा प्रश्न आहे, आणि संस्कृतीचा प्रश्न हा माणसाच्या चारित्र्याचा प्रश्न आहे, अशी त्यांची मांडणी आहे. कृषी विद्यापीठांवरची त्यांची टीका तर आपल्याही उपयोगाची आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने तेथे जमिनींच्या उत्पन्नावर जी महाविद्यालये निघाली ती छोट्या शेतकऱ्यासाठी होती. ती यंत्रे, औषधे आणि मोठे भांडवल यांच्या दारी कशी गेली हे बेरी सविस्तर सांगतात. आपली राहुरी, परभणी, अकोला, दापोली ही विद्यापीठे त्याच नमुन्यावर उभी आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रकरणाचे महत्त्व कळेल.

आता त्या प्रकरणाचाच दुसरा भाग. छोटा, स्वतंत्र, आपल्या जमिनीवर राबणारा शेतकरी हा लोकशाहीचा कणा आहे, हा आदर्श बेरी थॉमस जेफरसन यांच्याकडून घेतात. जेफरसन यांच्या मालकीची त्यांच्या हयातीत सहाशेहून अधिक गुलाम माणसे होती. स्वावलंबी शेतकऱ्याचे हे भव्य चित्र ज्या मेजावर लिहिले गेले त्या मेजावरचे अन्न कोणी पिकविले होते? जेफरसन ढोंगी होते एवढेच म्हणून मला थांबायचे नाही. ते सोपे आहे. मला असे म्हणायचे आहे की तो आदर्शच अशा माणसाने रचला ज्याला राबणारा माणूस दिसत होता, पण शेतकरी म्हणून दिसत नव्हता. आदर्शातच हे आंधळेपण शिवलेले आहे. मॉरिल कायद्याने महाविद्यालयांना दिलेल्या जमिनी तरी कोणाच्या? त्या मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेल्या होत्या.

बेरींना हे माहीत नव्हते असे नाही. ग्रंथाच्या आरंभीच ते सांगतात की गोऱ्यांनी मूळ रहिवाशांना हुसकले आणि तोच हुसकण्याचा व्यवहार पुढे छोट्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या वाट्याला आला. शिवाय त्याआधी सात वर्षे, १९७० साली, त्यांनी 'द हिडन वूंड' नावाचे छोटे पुस्तक लिहिले होते. माझ्या मते ते त्यांचे अधिक मोठे पुस्तक आहे. आपल्या पूर्वजांकडे गुलाम होते हे ते त्यात सांगतात. आजोबांच्या शेतावर राबणाऱ्या एका काळ्या गड्याचे चित्र ते काढतात, आणि मग एक असा विचार मांडतात की वाचक थबकतो. जमिनीवरचे कष्टाचे काम गोऱ्यांनी काळ्यांवर ढकलले, ते काम हलके ठरविले, आणि त्यामुळे गोरा मालक स्वतःच्याच जमिनीला परका झाला. जमिनीचे खरे ज्ञान मालकाकडे नव्हते, गड्याकडे होते. चातुर्वर्ण्याने हात आणि डोके यांची जी फारकत केली तिचेच हे वर्णन आहे, असे आपल्याला वाटल्यावाचून राहत नाही. पण १९७७ च्या मोठ्या ग्रंथात हा धागा मागे पडतो. तेथे 'कुटुंब' येते, 'समाज' येतो, आमिश पंथाच्या शेतकऱ्यांची घोड्यांची शेती येते. तो गडी येत नाही. वंश आणि भूमी यांच्या नात्याकडे बेरी पुन्हा विस्ताराने वळले ते २०२२ साली, 'द नीड टु बी होल' या ग्रंथात. मधल्या पंचेचाळीस वर्षांत चळवळीने १९७७ चा ग्रंथ घरोघर नेला.

त्या गड्याच्या बाजूने या इतिहासाकडे पाहिले म्हणजे काय दिसते?

१८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मन यांनी एक हुकूम काढला. दक्षिणेच्या किनारपट्टीवरील जमीन मुक्त झालेल्या गुलामांच्या कुटुंबांना, प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत, द्यावी असा तो हुकूम होता. सुमारे चाळीस हजार माणसे त्या जमिनीवर बसलीही. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मालकांना परत करविली. तरीही या माणसांनी वाटेकरी म्हणून राबत, पैसा साठवीत जमिनी विकत घेतल्या. १९२० साली अमेरिकेत सुमारे ९ लाख २५ हजार काळे शेतकरी होते. देशातील दर सातांत एक. त्यांत स्वतःची जमीन असलेले थोडे आणि वाटेकरी फार, हे खरे. पण शेतकरी होते. १९८२ साली ते सुमारे ३३ हजार उरले. त्याच साली अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने काळ्यांच्या शेतीच्या ऱ्हासावर स्वतंत्र अहवाल दिला. म्हणजे 'कौटुंबिक शेती वाचवा' ही हाक जेव्हा मोठ्याने उठली तेव्हा एका संपूर्ण समाजाची कौटुंबिक शेती संपत आलेली होती. तिच्यासाठी ही हाक नव्हती.

ती कशी संपली हे सांगण्यासारखे आहे, कारण बंदुकीइतकेच कागदाने ते काम केले. शेतीसाठी सरकारी कर्ज जिल्ह्याच्या कचेरीतून मिळे. कोणाला द्यायचे यात तेथील स्थानिक शेतकऱ्यांच्या निवडलेल्या समितीचा हात असे, आणि दक्षिणेत ती समिती गोऱ्यांची. काळ्या शेतकऱ्याचा अर्ज फेटाळण्याची गरजच नसे. तो पडू द्यायचा. पेरणीचा हंगाम उलटला की मंजुरी द्यायची. मिळालेला पैसा खर्चायचा तर प्रत्येक वेळी अधिकाऱ्याची सही लागेल अशी अट घालायची. दुसरा मार्ग वारसांचा. मृत्युपत्र न करता माणूस वारला की जमीन सर्व वारसांची सामाईक होई. चार पिढ्यांनी वारस पन्नास होत. त्यांतल्या शहरात गेलेल्या एकाचा हिस्सा एखादा सावकार वा वकील विकत घेई आणि वाटणीसाठी कोर्टात जाऊन सगळी जमीन लिलावात काढी. सातबाऱ्यावरच्या सामाईक नावांची लांब रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. या कर्जांतील भेदभावाविरुद्ध टिमोथी पिगफर्ड आणि इतर शेतकऱ्यांनी दावा केला. १९९९ साली तडजोड झाली. बहुतेकांना प्रत्येकी पन्नास हजार डॉलर मिळाले. मुदतीनंतर आले म्हणून हजारो अर्ज बाजूला राहिले, त्यांच्यासाठी २०१० साली दुसरी तडजोड झाली. तोवर अनेक जण वारले होते. जमीन कोणालाच परत मिळाली नाही.

येथे 'स्थानिक' या शब्दाचा विचार करणे भाग आहे. चळवळ म्हणते, सत्ता दूरच्या कंपन्यांच्या आणि राजधान्यांच्या हाती नको, स्थानिक लोकांच्या हाती हवी. मिसिसिपीतील कर्ज समिती पूर्णपणे स्थानिक होती. आपली बलुतेदारीही स्थानिक होती. बी घरचे, अवजार गावच्या सुताराचे, दोर मांगाचा, धान्य खळ्यावरच वाटले जाई, बाहेरून काही येत नसे. आजच्या कसोट्या लावल्या तर तिच्याइतकी निर्दोष व्यवस्था सापडणार नाही. आणि त्याच व्यवस्थेत आमच्या आयाबायांनी दारोदार शिळ्या भाकरीसाठी हाक घातली. मेलेल्या ढोराचे मांस हे आमचे स्थानिक अन्न होते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याच्या गौरवगीतांवर जो प्रहार केला त्याचा उगम या अनुभवात आहे. जवळचे ते न्यायाचे, असे समीकरण आम्हाला मान्य करता येत नाही. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ सालचे पुस्तक मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद करते. ज्वारी-बाजरीला आज नवी प्रतिष्ठा मिळाली, ती चांगली गोष्ट आहे. पण वाळविलेल्या मांसाच्या चान्यांना स्थानिक अन्नाच्या बाजारात जागा नाही, आणि त्याच २०१५ सालापासून आपल्या राज्यात बैलाचे मांस हा गुन्हा आहे.

मग हा विषयच सोडून द्यावा काय? आपल्यातील अनेक कार्यकर्त्यांचे मत असे आहे. शेती ही ज्यांची त्यांना लखलाभ, आपण शिकावे, शहरात जावे. त्यांच्या पाठीशी बाबासाहेबांचा आधार आहे हे मी नाकारीत नाही. १९१८ साली छोट्या धारण क्षेत्रांवरील निबंधात त्यांनी दाखविले की दुखणे तुकड्यांच्या लहानपणात नसून शेतीवर निष्कारण अडकून पडलेल्या माणसांत आणि अपुऱ्या भांडवलात आहे. उपाय औद्योगिकीकरणाचा आहे. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन राज्याची असावी आणि गावकऱ्यांनी जातपात न पाहता ती सामुदायिकपणे कसावी, म्हणजे कोणी जमीनदार, कोणी कूळ, कोणी भूमिहीन मजूर उरणार नाही, अशी मांडणी केली. कौटुंबिक शेतीच्या भाविक कल्पनेला यात स्थान नाही. पण एक गोष्ट आपण विसरतो. बाबासाहेबांनी जमिनीचा प्रश्न सोडला नाही. जमिनीच्या मालकीचे रूप बदलायला सांगितले. त्यांच्यामागे दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ च्या डिसेंबरापासून भूमिहीनांचा सत्याग्रह केला. पडीक जमिनी, गायराने भूमिहीनांना द्या, या मागणीसाठी लाखांवर माणसे तुरुंगात गेली. त्यांतील बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण आपण काय मागतो आहोत ते त्यांना पक्के ठाऊक होते.

या संदर्भात अमेरिकेतील दोन प्रयोग मला फार महत्त्वाचे वाटतात.

पहिला मिसिसिपीचा. फॅनी लू हेमर या वाटेकऱ्याच्या घरातील विसावे अपत्य. १९६२ साली त्या मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या आणि अठरा वर्षे ज्या मळ्यावर राबल्या तेथून त्यांना मालकाने त्याच दिवशी काढले. त्या काळात कापूस वेचण्याची यंत्रे आली होती, तणनाशके आली होती, मजुरांची गरज संपत होती. मते मागणाऱ्या मजुरांना भुकेने वठणीवर आणणे सोपे झाले होते. हेमर यांनी ओळखले की ज्याच्या चुलीची चावी दुसऱ्याच्या हातात आहे त्याचे मत त्याचे नसते. १९६९ साली त्यांनी सनफ्लॉवर जिल्ह्यात चाळीस एकर घेऊन 'फ्रीडम फार्म' नावाची सहकारी शेती सुरू केली. पुढे ती साडेसहाशे एकरांच्या वर गेली. तेथे भाजीपाला, घेवडे, मका पिके आणि गरजू कुटुंबांत वाटला जाई. हप्ते फेडण्यासाठी कापूस आणि सोयाबीन. सभासदाची वर्गणी महिन्याला एक डॉलर, आणि तीही बहुतेकांना परवडत नसे. डुकरांची एक बँक होती. कुटुंबाला एक गाभण मादी मिळे. ती व्याली की काही पिले बँकेला परत करायची, ती दुसऱ्या कुटुंबाकडे जात. (डुकराचे नाव ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी आपले नाक कोणी घडविले ते तपासावे.) कर्ज, महापूर आणि दुष्काळ, हेमर यांचे आजारपण यांमुळे १९७६ पर्यंत हे सारे मोडले. १९७७ च्या मार्चमध्ये हेमर वारल्या. बेरींचा ग्रंथ त्याच वर्षी निघाला.

हा योगायोग मी उगाच सांगत नाही. स्थानिक अन्न, छोटा शेतकरी, जमिनीची जपणूक हे सगळे फ्रीडम फार्ममध्ये होते. फरक एवढाच की तेथे ते चारित्र्याच्या प्रश्नातून आले नाही, मताच्या आणि भाकरीच्या प्रश्नातून आले. समाजशास्त्रज्ञ मोनिका व्हाइट यांनी २०१८ च्या 'फ्रीडम फार्मर्स' या ग्रंथात अशा सहकारी शेतीला प्रतिकाराचे रूप म्हटले आहे. हे मला पटते. गुलामाच्या नातवाने जमीन टिकविणे आणि मालकाच्या नातवाने जमीन टिकविणे या बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन अगदी वेगळ्या कृती आहेत. एकाच शब्दात त्या कोंबणे हाच समीक्षेचा दोष आहे.

आपल्या नियतकालिकांनी निग्रो साहित्याची, त्या काळचाच शब्द वापरायचा तर, मराठी वाचकाला ओळख करून दिली. डॉ. जनार्दन वाघमारे यांचे कार्य सर्वांना माहीत आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली तिने नाव ओकलंडच्या तरुणांकडून घेतले. त्या तरुणांच्या १९६६ च्या दहा कलमांतील शेवटच्या कलमात मागण्यांची यादी जमिनीपासून सुरू होते, आणि आपल्या पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यातही भूमिहीनांचा प्रश्न होताच. पण साहित्यात आपण रस्त्यावरचा काळा माणूस घेतला, शेतातला घेतला नाही. पँथर घेतला, डुकरांची बँक घेतली नाही. शहरात आलेल्या पिढीचा तो काळ होता, हे खरे.

दुसरा प्रयोग जॉर्जियाचा, आणि त्याचे एक टोक थेट आपल्याकडे येते. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत विनोबा भावे गेले असताना तेथील भूमिहीन अस्पृश्यांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली, आणि भूदानाला आरंभ झाला. पुढे त्यातून ग्रामदान निघाले. जमिनीची मालकी एकेका घराची न राहता गावाची. या ग्रामदानाच्या कल्पनेने प्रभावित झालेले रॉबर्ट स्वान, आणि नागरी हक्क चळवळीतील चार्ल्स व शर्ली शेरॉड, स्लेटर किंग इत्यादींनी १९६९ साली आल्बनी शहराजवळ 'न्यू कम्युनिटीज' स्थापन केली. सुमारे ५,७०० एकर जमीन. मालकी संस्थेची, कसण्याचा हक्क कुटुंबाचा. जमीन कोणाला विकता येणार नाही, म्हणून कोणाकडून लिलावात काढता येणार नाही, अशी कल्पना. शर्ली शेरॉड यांच्या वडिलांना १९६५ साली एका गोऱ्या शेतकऱ्याने गोळी घालून मारले होते आणि कोणावर खटलाही उभा राहिला नव्हता. त्या मुलीने ठरविले की गाव सोडायचे नाही. नियोजनासाठी केंद्राचा थोडा पैसा मिळाला; पुढचा पैसा गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स यांच्या विरोधामुळे आला नाही. दुष्काळाच्या वर्षांत सरकारी कर्ज वेळेवर मिळाले नाही, आणि १९८५ साली सगळी जमीन गेली. २००९ साली पिगफर्ड तडजोडीखाली संस्थेला सुमारे एक कोटी वीस लाख डॉलर मिळाले, आणि २०११ साली त्यांनी आल्बनीजवळच १,६३८ एकरांचा एक मळा घेतला. तो एकेकाळी गुलामांच्या मालकाचा मळा होता. आता तेथे पेकनची झाडे आहेत.

या साखळीत मला सर्वांत लक्षणीय वाटते ते तिचे पहिले टोक. भूदानावरील साहित्यात दात्याचे नाव असते, संताचे नाव असते. मागणारे 'हरिजन' एवढ्या एका शब्दात उरकले जातात. मागणी त्यांची होती. किती एकर लागतील हा हिशेब त्यांचा होता. पण भूदानाने त्या मागणीचे दान केले, आणि दानात मिळालेल्या जमिनीचा मोठा भाग कसण्यालायक नव्हता किंवा वाटलाच गेला नाही. दादासाहेबांच्या सत्याग्रहाने तीच मागणी हक्क म्हणून मांडली. गंमत अशी की तेलंगणातील अस्पृश्यांची ती मागणी विनोबांच्या झोळीतून आटलांटिक ओलांडून गेली आणि जॉर्जियात पुन्हा हक्क होऊन उभी राहिली. तेथील काळ्यांना ती कोणाची मूळ मागणी होती हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्याला असायला हवे होते.

आता मराठी साहित्याकडे येतो. ग्रामीण साहित्याने 'काळी आई' ही प्रतिमा इतकी वापरली की ती आता पाठ्यपुस्तकातल्या सुविचारासारखी झाली आहे. आई म्हटले की लेकरे कोण हा प्रश्न येतो, आणि तो टाळला जातो. आनंद यादव यांची 'गोतावळा' ही १९७१ ची कादंबरी मला या दृष्टीने अपवादात्मक वाटते. तिचा नायक नारबा हा शेतावरचा गडी. गुरेढोरे, पाखरे, झाडे हाच त्याचा गोतावळा. ट्रॅक्टर येतो, जनावरे जातात, आणि नारबाच्या जगण्याचा आधारच सुटतो. बेरी जे मालकाच्या दुःखातून सांगतात ते यादवांनी गड्याच्या दुःखातून सांगितले, सहा वर्षे आधी. पण नारबा जमीन मागत नाही. त्याला ती मागता येते हे कादंबरीला सुचत नाही. सातबाऱ्यात सातव्या नमुन्यावर मालकाचे नाव असते. बाराव्यावर पिकाची नोंद असते आणि तेथे पूर्वी जमीन करणाऱ्याच्या नावाचा रकाना होता. नारबा त्या रकान्यातलाही नाही. माझे वडील बावीस वर्षे सालगडी होते. कोणत्या वाफ्यात पाणी किती वेळ धरते, कोणत्या कोपऱ्यात चुनखडी वर येते, हे त्यांना मालकाहून अधिक माहीत होते, आणि मालक तसे बोलूनही दाखवी. त्या ज्ञानाची किंमत वर्षाच्या सालात धरलेली नव्हती.

दलित साहित्याकडूनही माझी तक्रार आहे. आपल्या आत्मकथनांत गाव आहे, वाडा आहे, पाणवठा आहे, भूक आहे. गावाबाहेर पडण्याची वाट आहे. परंतु गायरानावर पहिला नांगर धरणाऱ्या माणसाची कादंबरी मराठीत अजून माझ्या वाचनात आलेली नाही. 'बलुतं'नंतरच्या साहित्याने खेडे हे सोडण्याचे ठिकाण म्हणून रंगविले ते योग्यच होते. पण मराठवाड्यात हजारो कुटुंबांनी खेडे सोडले नाही, त्यांनी गावाच्या छाताडावर, सरकारी पडीकात, दोन-दोन एकर कसायला घेतले. जमिनीची राखण, कुटुंबाची शेती, शिवारातले अन्न हे शब्द कोणाला खऱ्या अर्थाने शोभत असतील तर त्यांना. त्या दोन एकरांतले दगड कोणी वेचले, पहिल्या वर्षी हुलगे पेरले की मटकी, उभ्या पिकात रात्री ढोरे कोणी सोडली, तलाठ्याने पंचनाम्यात काय लिहिले, पावती कोणाच्या नावाने फाडली आणि ती बाईच्या नावाने का फाडली नाही, हे सारे आज साठी ओलांडलेल्या बायकांना तोंडपाठ आहे. माझे पाच विद्यार्थी या दिवाळीच्या सुट्टीत ते उतरवून घेणार आहेत. लिहून झाले की ते याच नियतकालिकाकडे पाठवावे असा विचार आहे.